फीचा हप्ता सांगितला, निघालं कर्ज

वाचकांचे प्रश्न : ग्राहक कायदा

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. गेल्या जूनमध्ये एका ऑनलाइन शिकवणी कंपनीचा माणूस घरी आला. त्याने मुलीची चाचणी घेतली, ती गणितात फार कच्ची आहे म्हणून घाबरवलं आणि दोन वर्षांचा ५४,००० रुपयांचा कोर्स गळ्यात मारला. ‘पंधरा दिवसांत नको वाटलं तर सगळे पैसे परत’ असं तोंडी सांगितलं. दरमहा २,२५० रुपये खात्यातून जातात. दहाव्या दिवशीच मी फोनवर ‘कोर्स नको’ म्हणून कळवलं. ‘रिफंडची प्रोसेस चालू आहे’ एवढंच ऐकतोय. सप्टेंबरपासून मुलीचं लॉगिनही बंद आहे, हप्ता मात्र चुकत नाही. बँक हात वर करते. खात्यात पैसेच ठेवू नका, असं मित्र सांगतात. काय करावं?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : मित्रांचा सल्ला मुळीच ऐकू नका. आधी बँकेचं स्टेटमेंट काढा आणि २,२५० रुपयांच्या नोंदीसमोर कोणाचं नाव आहे ते पाहा. बहुतेक तिथे शिकवणी कंपनीचं नाव नसेल. एखाद्या वित्तपुरवठा कंपनीचं, तुम्ही कधी न ऐकलेलं नाव असेल. तुमच्या घरी बसून त्या माणसाने पॅन आणि आधारचे फोटो घेतले असतील, ‘हप्ता सुरू करायला’ म्हणून मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला असेल. तसं झालं असेल तर तो हप्ता फीचा नव्हे, तुमच्या नावावरच्या कर्जाचा आहे. अशा व्यवहारात शिकवणी कंपनीला रक्कम वित्त कंपनीकडून आधीच मिळालेली असते. म्हणून तिला रिफंडची घाई नसते.

हप्ता बुडवला तर क्रेडिट स्कोअर खराब होतो आणि वसुलीचे फोन सुरू होतात. खात्यात शिल्लक नसल्यामुळे ऑटो-डेबिट परत गेलं, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली फौजदारी तक्रारही होऊ शकते. फसवलं गेलेल्या माणसाने स्वतःहून आरोपीच्या जागी जाऊन बसू नये.

तेव्हा आता दोन वेगळे ईमेल पाठवा. फोनवर बोलणं आजपासून बंद, कारण फोनवर दिलेल्या शब्दाचा कागद होत नाही. पहिला ईमेल शिकवणी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. कोर्स नको म्हणून कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर फोन केला, लॉगिन कधीपासून बंद आहे, किती हप्ते गेले, हे सगळं तारीखवार लिहा. दुसरा ईमेल वित्त कंपनीला. तिच्याकडे कर्ज करार आणि ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या किरकोळ कर्जांसाठी हे पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावं आणि समजावून सांगावं, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तुम्हाला मराठीत काही दिलं, समजावलं होतं का? नसेल तर तसं स्पष्ट लिहा. डिजिटल कर्जातून किमान एक दिवसाच्या मुदतीत विनादंड बाहेर पडता येतं, हे तुम्हाला सांगितलं होतं का, तेही विचारा. तीस दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. तिथे शुल्क नाही.

हे दोन्ही मार्ग खुंटले तर जिल्हा ग्राहक आयोग. करारात ‘वाद फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात’ किंवा ‘लवादाकडेच जावं लागेल’ असं छापलेलं असेल, पण त्याला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ मुळे तुम्ही जिथे राहता तिथल्या, म्हणजे सांगलीच्या आयोगात तक्रार दाखल करता येते. लवादाच्या अटीमुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली. ‘आम्ही शिक्षणसंस्था, आम्हाला ग्राहक कायदा लागू नाही’ हाही ठेवणीतला बचाव आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये महाविद्यालयं-विद्यापीठांना कायद्यातून वगळलं खरं, पण त्याच निकालात शिकवण्यांना ती सवलत दिली नाही.

तक्रारीत शिकवणी कंपनी आणि वित्त कंपनी, दोघींना प्रतिवादी करा. एकीलाच केलंत तर ती दुसरीकडे बोट दाखवून मोकळी होते. निकाल लागेपर्यंत हप्ते थांबवावेत, असा अंतरिम अर्ज सोबत जोडा. कलम ३८ खाली आयोगाला तसा आदेश देता येतो. स्क्रीनशॉट आणि चॅट पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. कागद तयार करताना अडलं तर ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते मार्गदर्शन करतात.

मुदत दोन वर्षांची आहे. ‘प्रोसेस चालू आहे’ हे ऐकत ती संपवू नका.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या ॲपची सात दिवसांची मोफत ट्रायल घेतली होती. ॲप काढून टाकलं, तरी दरमहा ४९९ रुपये जातात.
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : ॲप काढल्याने पैसे कापण्याची परवानगी रद्द होत नाही. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडा आणि मॅन्डेट रद्द करा. कार्ड दिलं असेल तर बँकेच्या साइटवर ‘ई-मॅन्डेट’ बंद करा. इथे कर्ज नाही, त्यामुळे हे लगेच करण्यात धोका नाही. पैसे जाण्याआधी किमान २४ तास सूचना यायला हवी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. जुने एसएमएस आणि ईमेल तपासा. सूचना आलीच नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा.

ट्रायलसाठी आधीच ऑटो-डेबिट घेणं आणि रद्द करण्याची वाट लपवून ठेवणं, याला नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हटलं आहे आणि त्याला मनाई आहे. रिफंड मागताना या तत्त्वांचा उल्लेख करा. कंपनीने दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मराठीत बोलता येतं.