एक डिस्क, दोन कारभारी

मंडळी, शेताची वाटणी आपल्याला नवी नाही. दोन भाऊ वेगळे होतात. मोजणी होते. मधे बांध पडतो. विहीर मात्र पुष्कळदा सामाईक राहते. आज आपण अशीच एक वाटणी शिकू. ही वाटणी संगणकाच्या डिस्कची आहे.

डिस्क म्हणजे संगणकातली साठवणीची जागा. हिशेब, फोटो, गाणी, सारे तिथे राहते. शेत एकर-गुंठ्यांत मोजतात. ही जागा जीबीत मोजतात.

संगणकाला कारभारी लागतो. त्याला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही एक कार्यप्रणाली. लिनक्स ही दुसरी. १९९१ साली फिनलंड देशातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. लिनक्स फुकट मिळते. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने लिनक्सवरूनच ‘बॉस’ नावाची कार्यप्रणाली तयार केली. तिच्यात मराठीही आहे.

शिरूर अनंतपाळात दोघा भावांच्या घरी एकच संगणक होता. थोरल्याच्या दुकानाचा हिशेब विंडोजवर. धाकट्याच्या मुलीला अभ्यासाला लिनक्स हवे. ती मला म्हणाली, “गुरुजी, दोन्ही एका घरात नांदतील का हो?”

मी म्हणालो, “नांदतील की! पण आधी बांध घालू.”

त्यांची डिस्क ५०० जीबीची. २०० विंडोजला ठेवायचे ठरले. १०० लिनक्सला. राहिलेले २०० सामाईक. अशा एकेका वाट्याला पार्टिशन म्हणतात. कोणता वाटा कुठून कुठवर, याची नोंद डिस्कच्या सुरुवातीला असते. हा डिस्कचा सातबाराच समजा. ती नोंद बिघडली, तर माल जागेवर असूनही सापडत नाही.

सामाईक वाटा कशाला? दोघांची लिहिण्याची पद्धत वेगळी. लिनक्सला विंडोजची पद्धत कळते. विंडोजला लिनक्सची सहसा कळत नाही. म्हणून सामाईक वाट्यात दोघांना कळेल अशी पद्धत ठेवतात. एनटीएफएस किंवा एक्सफॅट हे त्या पद्धतींचे नाव.

थोरला घाईत होता. तो म्हणाला, “गुरुजी, नक्कल कशाला काढायची? आजच उरकून टाकू.”

मग मी त्याला माझी गोष्ट सांगितली. माझ्या संगणकात आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. तिच्याच आवाजात भरून ठेवलेल्या. मी लिनक्स घालायला बसलो. पडद्यावर प्रश्न आला, ‘सगळी डिस्क पुसायची का?’ मी तो वाचला नाही. होकाराचे बटण दाबले. ओव्या गेल्या. आई तर आधीच गेली होती. जन्मभर पोरांना सांगत आलो, ‘नीट वाचा.’ आणि स्वतःच वाचले नाही.

थोरला गप्प झाला. त्याने हिशेबाची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढली. ती उघडून पाहिली. मग विंडोजचा वाटा विंडोजमधूनच आखडून घेतला. मोकळ्या जागेत लिनक्स घातले. पडद्यावरचा प्रत्येक प्रश्न पोरीने मोठ्याने वाचला. कळला, तेव्हाच बटण दाबले.

आता संगणक सुरू केला की दोन्ही नावे दिसतात. हवा तो कारभारी निवडायचा. एका वेळी एकच.

लक्षात ठेवा :

१. आधी नक्कल, मग वाटणी. नक्कल त्याच डिस्कवर ठेवू नये. डिस्क बिघडली तर दोन्ही जातील.
२. विंडोज पुरते बंद करावे. त्यातली ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय काढून ठेवावी. नाहीतर ते अर्धवट झोपते. तेवढ्यात लिनक्सने सामाईक वाट्यात लिहिले, तर माल बिघडू शकतो.
३. प्रश्न वाचल्याशिवाय बटण दाबू नये.

आपण अंगठ्याच्या जागी सही करायला शिकलो. आता सहीच्या आधी वाचायलाही शिकू या.

सांगा पाहू :

१. पार्टिशन म्हणजे काय?
२. सामाईक वाटा कशासाठी ठेवतात?
३. गुरुजींचे काय चुकले?