विमानातील तिसरे आसन

दिल्लीत मुख्यालय असलेल्या इंडियन एअरलाइन्सने १९७६ मध्ये एअरबस ए-३०० विमाने वापरात आणली. त्यांच्या चालककक्षात दोन वैमानिकांमागे उड्डाण-अभियंता बसे. इंधन, विद्युत्पुरवठा, वायुदाब व इंजिने यांवर तो सतत लक्ष ठेवी.

१९८९ मध्ये आलेल्या ए-३२० विमानांत हे आसन नव्हते. तेथे संगणक बिघाड ओळखून त्यावरील उपाय पडद्यावर दर्शवितो. जुनी विमाने मात्र आणखी काही वर्षे चालली. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीस येताना अपहृत झालेले विमान ए-३०० होते. इंधन संपत आले असता दोघा वैमानिकांसमवेत उड्डाण-अभियंता अनिल जग्गिया होते.

संगणकाने तिसऱ्याचे श्रम वाचविले. परंतु संकटसमयीचा निर्णय आता दोघांनाच घ्यावा लागतो.