बयाणा देण्यापूर्वी

प्रश्न : मी गोंदियातील एका राईस मिलमध्ये हिशेबनीस आहे. शहरालगत एक लहान घर पसंत पडले आहे. नोटरीसमोर मुद्रांक कागदावर लिहून घेतले की घर आपले झाले, असे विक्रेते म्हणतात. हे खरे काय?
— एक वाचक, गोंदिया

उत्तर : बयाणा देण्यापूर्वीच आपण विचारणा केलीत, हे उत्तम झाले. नोटरी केवळ दस्तावरील सहीची साक्ष देतो. मालकी हस्तांतरित करण्याचे सामर्थ्य त्या कागदास नसते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमान्वये शंभर रुपये वा अधिक किमतीच्या घराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच सिद्ध होते, आणि ते खत सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सादर करावे लागते.

तत्पूर्वी सातबारा व फेरफार, जागा नझुलाची असल्यास आखीव पत्रिका आणि पट्ट्याच्या अटी, तसेच अकृषिक आदेश व मंजूर नकाशा पाहून, वकिलामार्फत तीस वर्षांच्या दस्तांचा शोध घ्यावा. कारण सातबारा हा मुख्यतः महसुली अभिलेख असून मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. बयाणा अल्प, बँकेमार्फत आणि व्यवहार फिसकटल्यास परतीची अट घालूनच द्यावा.

तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते. मुद्रांक शुल्काची तजवीज मात्र बहुधा स्वतःच करावी लागते. खरेदी केवळ पत्नीच्या नावे केल्यास शुल्कात एक टक्का सवलत मिळते काय, हेही विचारून घ्यावे. घाई न केल्यास भयाचे कारण नाही.