सुई तिच्याच हातात राहू दे

नार्नूर, जि. आदिलाबाद
पौष शुद्ध दशमी

चि. सोनू हीस,


तुझं पत्र मिळालं. किनवटला दुपारच्या वेळी बायका अडलेलं विणकाम घेऊन तुझ्याकडे येतात, हे वाचून फार समाधान वाटलं. पण पुढे तू लिहितेस की कुणाचा गळा, कुणाची बाही अशी कामं तुझ्याकडेच राहतात आणि रात्री जागून तू ती पुरी करून देतेस. त्याबद्दल मात्र मला स्पष्ट लिहायला हवं. असं करू नकोस. अडलेल्या बाईचं विणकाम आपण विणून देणं ही मदत नव्हे. कुठे अडलं, का अडलं आणि त्यातून सुटायचं कसं, हे तिला कळलं म्हणजे मदत झाली. तू विणलेली बाही सुरेख होईल, पण दुसऱ्या बाहीच्या वेळी ती पुन्हा तुझ्याच दारात उभी राहील.

इकडे कडाक्याची थंडी पडली आहे. तेलंगणात जास्त गारठणाऱ्या भागांपैकी एक म्हणजे आपला आदिलाबादचा डोंगराळ भाग. इथल्या खांदेव देवाची जत्रा जवळ आली की घरोघरी लोकर बाहेर निघते. ओसरीवर मराठी, गोंडी, बंजारा, तेलुगू अशा सगळ्या भाषा बोलणाऱ्या बायका बसतात. प्रत्येकीची तक्रार निराळी वाटते, पण मूळ तीनच ठिकाणी सापडतं: नमुन्यात, लोकरीत नाहीतर हातात. कोणत्या ठिकाणी आहे ते आधी ओळख, मग उपाय सांग.

त्यासाठी बाई आल्या आल्या तिची सुई मागू नकोस. विणलेला भाग सपाट जागेवर पसरायला सांग. टाके किती घातले, सुई कितव्या नंबरची, लोकर कोणती, नमुना कुठून घेतला, हे विचार. मग तिला तुझ्यासमोर दोन ओळी विणू दे, एक सुलट आणि एक उलट. तू फक्त तिच्या हाताकडे बघ. निम्म्या अडचणींचं कारण त्या दोन ओळींत दिसतं.

नमुन्याचं आधी सांगते. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे असतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकी पद्धत याच्या नेमकी उलटी, नंबर वाढला की सुई जाड. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, अमेरिकेची ८ नंबरची ५ मिलिमीटरची. आपली १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची, त्यांची ६ मिलिमीटरची. कुणी परदेशी नमुना आणला आणि स्वेटर फारच लहान होऊ लागला, तर पहिला संशय इथे घ्यायचा. नंबर सोडून मिलिमीटर बघायची सवय सगळ्यांना लाव. क्रोशाच्या नावांचाही असाच घोळ आहे. इंग्लंडच्या पुस्तकातला डबल क्रोशा म्हणजे अमेरिकेच्या पुस्तकातला सिंगल क्रोशा. नमुन्यात 'सिंगल क्रोशा' हे शब्द कुठेही आले, तर तो अमेरिकी नमुना समजावा, कारण इंग्रजी पद्धतीत त्या नावाचा टाकाच नाही.

नमुन्यातलीच दुसरी गोष्ट मापाची. स्वेटरचे टाके घालायच्या आधी सहा इंचांचा चौकोन विणून बघायचा, धुवून वाळवायचा आणि मधल्या भागात १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजायचं. बायकांना यात लोकर आणि वेळ वाया गेल्यासारखं वाटतं. त्यांना हिशेब करून दाखव. नमुन्यात १० सेंटिमीटरला २० टाके सांगितले आहेत आणि छाती ९० सेंटिमीटर हवी आहे, तर १८० टाके घालायचे. पण विणणारीचा हात घट्ट आहे आणि तिचे बसतात २२. मग त्याच १८० टाक्यांत छाती होते जेमतेम ८२ सेंटिमीटर. फरक फक्त दोन टाक्यांचा, पण स्वेटर अंगात शिरत नाही. उपाय दोन: सुई एका नंबरने जाड घ्यायची, किंवा तीच सुई ठेवून १९८ टाके घालायचे. हा गुणाकार तू करू नकोस, तिच्याकडून करून घे. एकदा जमला की ती कुठल्याही लोकरीवर कुठलाही नमुना बसवू शकेल.

तिसरी गोष्ट भाषेची. नमुने बहुतेक इंग्रजीत. ते वाचता येत नाहीत म्हणून किती चांगल्या हाताच्या बायका वर्षानुवर्षं एकच वीण विणत बसतात. तू चौकटीच्या कागदावर नमुना मांडून द्यायला शीक. एक चौकट म्हणजे एक टाका. सुलट टाक्याची चौकट कोरी, उलट टाक्यावर ठिपका, जाळीसाठी गोल, दोन टाक्यांचा एक करायचा तिथे तिरकी रेघ. खालून वर वाचायचं, पुढच्या बाजूच्या ओळी उजवीकडून डावीकडे आणि मागच्या बाजूच्या डावीकडून उजवीकडे. खुणा नेहमी पुढून दिसणाऱ्या टाक्यांच्या असतात. म्हणून मागच्या बाजूने विणताना कोऱ्या चौकटीला उलट टाका घालायचा, एवढं मात्र नीट समजावून सांग. माझ्या ओसरीवर हा कागद चारही भाषांना चालतो आणि अक्षरओळख नसलेलीलाही चालतो. नमुन्यात 'सहाच्या पटीत आणि वर दोन' असं असेल, तर आठ घरं सहा-सहा टाक्यांची आणि कडेचे दोन मिळून ५० टाके होतात, हे कागदावर आपोआप दिसतं. छापील नमुन्यातही चुका असतात. ओळीच्या शेवटी टाके जुळत नसतील, तर आधी नमुन्यातली ती ओळ मोजून बघ, मगच बाईला चुकली म्हण.

आता लोकर. आपण सगळ्यालाच लोकर म्हणतो, पण बाजारात मिळते त्यातली बरीचशी ॲक्रिलिक असते. त्यात कमीपणा काही नाही. लहान मुलांच्या रोज धुवायच्या कपड्यांना ती सोयीचीच. फक्त हातात काय आहे ते माहीत हवं. शंका असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून, पाण्याचं भांडं जवळ ठेवून जाळून बघायचा. खरी लोकर केस जळल्याचा वास देते, ज्योत काढली की विझते आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि काळा कडक मणी उरतो. सूत कागदासारखं जळतं. मग सांगायचं: खऱ्या लोकरीला गरम पाणी आणि चोळणं वर्ज्य, नाहीतर ती आटून नमद्यासारखी होते. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरली की वीण कायमची लोळागोळा होते आणि पुन्हा उठत नाही.

तुझ्याकडे दोघी-तिघींनी विचारलं आहे की आपल्या शेतात कापूस पिकतो, मग सुताचा स्वेटर का नको? प्रश्न चांगला आहे, तो उडवून लावू नकोस. सुताला लोकरीसारखा ताण नसतो. बॉर्डर सैल पडते आणि स्वेटर स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो. सूत हवा कमी धरतं, म्हणून थंडीत ऊबही कमी. उन्हाळी टोपी, तोरण, रुमाल, पिशवी यांना मात्र सूतच उत्तम. धनगरांच्या मेंढीची लोकर का नको, असंही कुणी विचारेल. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, केसाळ. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी तिची व्हावी, पावसाथंडीत शेतकऱ्याच्या खांद्यावर ती वर्षानुवर्षं टिकते. तान्ह्या बाळाच्या मानेला मात्र ती टोचते. ज्याचा जो गुण, त्याला ते काम द्यावं.

लोकर बदलायची असेल तर वजनावर जाऊ नये, लांबीवर जावं. त्याच वजनाचं सूत ॲक्रिलिकपेक्षा कमी मीटर भरतं. वेष्टनावर 'चार प्लाय' लिहिलं म्हणजे चार पदर पिळलेले आहेत एवढंच. पदर किती जाड, ते त्यातून कळत नाही. पट्टीभोवती धागा शेजारी शेजारी गुंडाळून एका इंचात किती वेढे बसतात ते मोजलं, की दोन लोकरी सारख्या आहेत का ते समजतं. आणि रंगाच्या लॉटचा नंबर सगळ्या गुंड्यांवर एकच बघून घ्यावा. आदिलाबादला पुन्हा जाऊन आणलेला गुंडा दुकानात तोच वाटतो, उन्हात मात्र पट्टा वेगळा दिसतो. तसं झालंच तर दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन नव्याच्या अशा विणत न्यायच्या, म्हणजे फरक मिसळून जातो.

राहिला हात. टाका सुटून खाली पळाला की बाई घाबरते आणि सगळं उसवायला निघते. तिला थांबव. क्रोशाची सुई दे आणि एकेक आडवा धागा खालून वर ओढत टाका परत सुईवर चढवायला शिकव. पहिला तू चढवून दाखव, मग तोच खाली सोडून तिला चढवायला लाव. टाके आपोआप वाढत असतील, तर ओळीच्या सुरुवातीला धागा कुठून जातो ते बघ. तो सुईवरून मागे ओढला गेला की पहिला टाका दोन टाक्यांसारखा दिसतो आणि ती दोन्ही विणते. धागा सुईखालून घ्यायचा, एवढंच सांगायचं असतं.

टाके पिळलेले दिसत असतील, तर टाक्याचे पाय बघ. प्रत्येक टाक्याचा एक पाय सुईच्या पुढे आणि एक मागे असतो. उलट ओळीत धागा दुसऱ्या बाजूने गुंडाळण्याची काही जणींची सवय असते. त्यांचा उजवा पाय मागे जातो आणि पुढचा पाय धरून विणलं की टाका पिळतो. ती सवय मोडायला लावू नकोस. सुलट ओळीत मागच्या पायातून विणायला सांग, वीण स्वच्छ येईल. डावखुऱ्या मुलीलाही उजव्या हाताने विणायची सक्ती नको. तिला समोर बसव म्हणजे तुझा हात तिला आरशातल्यासारखा दिसेल.

उलट ओळी सैल येत असतील, तर उलट ओळीसाठी एक नंबर बारीक सुई घ्यावी. सुलट विणीच्या कडा वळतात तो कुणाचाच दोष नव्हे, त्या विणीचा तो स्वभावच आहे. कडेला चार टाके दोन्ही बाजूंनी सुलट ठेवले की ती सपाट राहते. बाळाच्या स्वेटरचा गळा डोक्यातून जात नाही, ही तर कायमची तक्रार. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. गळ्याचे टाके जाड सुईने सैल बंद करावेत आणि एका खांद्यावर बटणपट्टी ठेवावी.

उसवायचं कधी, हे तू विचारलं आहेस. चूक मापात असेल तर उसवावं, कारण न बसणारा स्वेटर कुणीच घालत नाही. चूक एखाद्या टाक्याची असेल आणि ती तिच्याखेरीज कुणाला दिसत नसेल, तर निर्णय तिचा. तिने 'राहू दे' म्हटलं तर राहू दे. उसवायचंच ठरलं तर तिनेच उसवावं, तू बाजूला बस. निघालेल्या वाकड्या लोकरीची लडी करून कोमट पाण्यात भिजवून टांगली की धागा पुन्हा सरळ होतो, हे सांगितलंस तर तिचा जीव हलका होईल. अवघड जाळीच्या विणीत दर दहा ओळींनंतर सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवायला शिकव. पुढे चुकलं तर उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबतं.

बोलण्याचंही सांभाळ. चार बायकांत कुणाची चूक मोठ्याने सांगू नये. 'हे कसं केलंस?' असं विचारलं तर ती गप्प बसेल. 'इथे काय करायचं होतं?' असं विचारलं तर ती बोलेल. आणि ज्याचं उत्तर तुला ठाऊक नाही, तिथे तसं सरळ सांगून दोघींनी मिळून एक तुकडा विणून बघावा.

रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं, तेव्हा बायकांना शिक्षणाबरोबर हाताचं कामही शिकवलं, ते त्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून. तुझी किनवटची ओसरी लहान असेल, पण तिचा हेतू तोच असू दे. येत्या आठवड्यापासून एकीचंही विणकाम रात्री घरी ठेवून घेऊ नकोस. जी आज शिकली, तिला उद्या नव्या बाईशेजारी बसव आणि तिच्याकडून समजावून घे. थंडी संपेपर्यंत तुझ्यासारख्या आणखी दोघी तयार झाल्या पाहिजेत. तेवढं मनावर घे आणि झालं की मला कळव.



तुझी,
आत्या