परिचारिकेचे हृदय

परिचारिका म्हटली की पांढरा गणवेश आणि सेवाभाव एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. इतरांचा रक्तदाब मोजणाऱ्या या बाईचा रक्तदाब कोण मोजतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. समाजशास्त्राची विद्यार्थिनी या नात्याने मला तो पडला. आपले पौड हे मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण. येथे ग्रामीण रुग्णालय आहे आणि रुग्णालय म्हटले की रात्री कोणीतरी जागे असावेच लागते.

या जागरणाची किंमत किती? अमेरिकेत १९७६ आणि १९८९ साली परिचारिकांच्या आरोग्याचे दोन मोठे अभ्यास सुरू झाले. त्यांतील सुमारे १ लाख ८९ हजार जणींच्या २४ वर्षांच्या नोंदींवरील निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. दिवसपाळीबरोबरच महिन्यातून किमान ३ रात्रपाळ्या, अशी नोकरी १० वर्षे वा अधिक केलेल्यांना, ती कधीच न केलेल्यांपेक्षा, हृदयरोगाचा धोका १५ ते १८ टक्क्यांनी जास्त आढळला. प्रत्येकीपुरती ही वाढ लहान आहे. परंतु ती वर्षांगणिक साचत जाते. रात्रपाळी सुटल्यावर मात्र धोका हळूहळू उतरतो.

कारण उघड आहे. रात्री झोपेत रक्तदाब उतरतो, हृदयाला उसंत मिळते. जागरणात ती मिळत नाही. अवेळी खाल्लेले अन्न नीट पचत नाही, रक्तातील साखर वाढते. सकाळी घरी परतल्यावर चूल, मुले, पाणी वाट पाहतच असतात. मग झोप कुठली? त्यातच दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे आधीच येतो. स्त्रियांमध्ये दम लागणे, थकवा, पाठ वा जबडा दुखणे अशी लक्षणे असली, की ‘पित्त झाले असेल’ म्हणून ती अंगावर काढली जातात.

आता साधे गणित करू. समजा, एखाद्या रुग्णालयात चौघी आळीपाळीने आठवडाभर रात्रपाळी करतात. प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाचे १३ आठवडे येतात. एक जागा रिकामी राहिली, की तेच १७ होतात. म्हणजे न भरलेल्या जागेचा भार उरलेल्या तिघींच्या हृदयावर पडतो!

म्हणून ‘तेलकट खाऊ नका, व्यायाम करा’ हा उपदेश परिचारिकेला पुरेसा नाही. रिकाम्या जागा भरणे, रात्रपाळीनंतर पुरती विश्रांती देणे आणि दरवर्षी तिची तपासणी करणे, हे समाजाचे कर्तव्य आहे. घरच्यांनीही सकाळचा चहा तिच्या हाती आयता द्यावा. सेवेचा गौरव भाषणांनी पुष्कळ झाला. आता तो पाळ्यांच्या तक्त्यात दिसू द्या.