सोड्याची खिचडी आणि गुडघ्याची गोळी

आम्ही सीकेपी. माझं माहेर अलिबागचं, सासर मुलुंडचं, आणि दोन्हीकडे मे महिना संपायच्या आत सोड्यांचा, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचा, डबा भरलेला असायचा. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद असते, ताजी मासळी मिळाली तरी परवडत नाही. म्हणून मरोळच्या सुक्या बाजारातून नाहीतर वर्सोव्याच्या ओळखीच्या कोळणीकडून सोडे, जवळा, बोंबील आणून ठेवायचे. तापातून उठल्यावर तोंडाला चव यावी म्हणून माझी आई सोड्याची खिचडीच करायची. साठी ओलांडल्यावर त्याच खिचडीनंतर मला अतिदक्षता विभागात न्यावं लागलं, तेव्हा घरातल्या कुणाचाच विश्वास बसेना. जन्मभर खाल्लेला पदार्थ उतारवयात असा उलटू शकतो, हे आम्हांला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी ते इथे सांगते आहे.

खुणा वर्षभर आधीपासून दिसत होत्या. कोळंबी सोलताना बोटांच्या बेचक्यांत खाज सुटायची. जेवणानंतर टाळू खवखवायची, दंडावर गांध्या उठायच्या. आमसुलाचं पाणी चोळलं की तासाभरात उतरायच्या. दवाखान्यात दाखवलं, तिथे पित्ताचं निदान झालं आणि खाजेची गोळी मिळाली. गोळीने बरंही वाटायचं.

मग जुलैतला तो रविवार. दुपारी खिचडी झाली. गुडघे दुखत होते म्हणून जेवणावर नेहमीची वेदनाशामक गोळी घेतली आणि सुनेबरोबर घाटकोपरला नातेवाइकांकडे निघाले. मुलुंड स्टेशनचा पूल चढताना तळहात आणि तळपाय चुरचुरू लागले. कान गरम झाले. पोटात मुरडा आला. सून म्हणाली, “आई, तुमचा आवाज का असा घोगरा येतोय?” मला वाटलं, ठसका लागला असेल. दोन पायऱ्या आणखी चढले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. अंगावर त्या दिवशी एकही गांधी नव्हती, म्हणून आजूबाजूच्या लोकांना हा हृदयविकाराचा झटका वाटला. कुणी पाणी पाजत होतं, कुणी धरून उभं करत होतं. रुग्णालयात पोचले तेव्हा रक्तदाब फार खाली गेला होता. ॲड्रेनॅलिनचं पहिलं इंजेक्शन पुरं पडलं नाही, दुसरं द्यावं लागलं, सलाइन जोरात सोडावं लागलं. पहिलं का पुरं पडलं नाही, याचं उत्तर माझ्या पर्समध्ये होतं: रक्तदाबासाठी मी रोज घेत असलेली मेटोप्रोलॉलची गोळी.

नंतर ॲलर्जीच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चाचणीच्या आधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. काय खाल्लं, त्यानंतर कोणती गोळी घेतली, किती चाललात, त्या आठवड्यात ताप होता का. त्यांचं म्हणणं असं की कोळंबीची ॲलर्जी वर्षभर अंगात होतीच, पण ती एकटी असताना गांध्यांवर भागत होतं. त्या दिवशी तिला दोन साथीदार मिळाले. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकच्या जातीची वेदनाशामकं आणि जेवणानंतरचे श्रम यांनी ॲलर्जीचा उंबरठा खाली येतो. मद्य आणि अंगातला ताप हेही तसेच साथीदार. तरुणपणी जेवून जिना चढणारा माणूस सहसा वेदनाशामक घेऊन चढत नाही. साठीत आपण घेतो.

वयाबरोबर सगळ्याच ॲलर्जी वाढतात, असं मात्र नाही. लहान मुलांची दुधाची, अंड्याची ॲलर्जी बहुतेक वेळा मोठेपणी जाते. शिंकांचा, नाक गळण्याचा त्रासही बऱ्याच जणांचा उतारवयात सौम्य होतो. कोळंबी आणि खेकड्याची गोष्ट उलटी आहे. ती ॲलर्जी पुष्कळदा मोठेपणीच सुरू होते आणि आली की सहसा जात नाही. अमेरिकेत ४० हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी होऊन २०१९ साली तिचे निष्कर्ष आले. ज्या प्रौढांना अन्नाची ॲलर्जी होती, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना निदान एक तरी ॲलर्जी मोठेपणी जडलेली होती, आणि पदार्थांत पहिला क्रमांक कोळंबी-खेकडा वर्गाचा होता.

या ॲलर्जीचं मूळ शोधण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे, हे मला डॉक्टरांकडून कळलं आणि अभिमान वाटला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुब्बा राव यांच्या गटाने आपल्याच समुद्रातल्या पांढऱ्या कोळंबीवर काम केलं आणि १९९३ साली दाखवून दिलं की तिच्यातलं मुख्य ॲलर्जीकारक प्रथिन म्हणजे ट्रोपोमायोसिन. ते स्नायूंत असतं आणि उष्णतेने मोडत नाही. म्हणून कोळंबी उकडा, तळा नाहीतर उन्हात कडकडीत वाळवून सोडे करा, ते तसंच राहतं. शिजताना निघणाऱ्या वाफेनेही काहींना धाप लागते. जवळा, करंदी, चिंबोरी, शेवंड या सगळ्यांत ते आहे. पापलेट, सुरमई, बांगडा यांची ॲलर्जी मात्र वेगळ्या प्रथिनाची. कोळंबी बंद झाली म्हणून मासे बंद होतात असं नाही, आणि मी आजही सुरमई खाते. तिसऱ्या, कालवं, माकुल यांचं प्रत्येकाचं वेगळं असतं. ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं. बांगडा बर्फाविना फार वेळ राहिला तर त्यात हिस्टामिन साठतं आणि खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते. ती विषबाधा असते, ॲलर्जी नव्हे. एकाच बांगड्याने घरातल्या तिघांना त्रास झाला तर दोष बहुधा बांगड्याचा असतो.

मुंबईच्या उपनगरांशी या सगळ्याचा संबंध आणखी एका वाटेने येतो. गादी-उशांत राहणारे धुळीतले माइट आणि स्वयंपाकघरातली झुरळं यांच्या अंगातही ट्रोपोमायोसिन असतं, कोळंबीतल्या प्रथिनाशी खूप मिळतंजुळतं. माइटना दमट हवा लागते आणि पावसाळ्यात आपल्याकडची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज राहते. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, खिडक्या बंद, भिंतींना ओल आणि चादरी पंख्याखाली वाळताहेत, अशा घरांत आपण जून ते सप्टेंबर काढतो. वर्षानुवर्षं ती धूळ श्वासात जाते. माइटविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं काही लोकांत कोळंबीलाही ओळखू लागतात. मला पावसाळ्यात सकाळच्या शिंका पंधरा-वीस वर्षांपासून होत्या. धुळीची ॲलर्जी असलेल्या प्रत्येकाने कोळंबी सोडावी, असा याचा अर्थ नाही. त्रास होत नसेल तर खुशाल खा. पण धुळीचा जुना त्रास असलेल्या माणसाचं तोंड कोळंबीने खाजू लागलं, तर ती गोष्ट हसण्यावारी नेऊ नका.

घरात मी काय बदललं, तेही सांगते. उशांना आणि गादीला घट्ट विणीची, चेनची आवरणं घातली. चादरी दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुते. ऊन मिळेल तेव्हा गाद्या गच्चीवर टाकते आणि झटकायचं काम दुसऱ्याला देते. जाड पडदे आणि गालिचा काढून टाकला. सकाळच्या शिंका पुष्कळ कमी झाल्या.

पण माझा खरा आग्रह गोळ्यांबद्दल आहे. आपल्या वयाच्या माणसाचे रक्तदाबाचे डॉक्टर वेगळे, गुडघ्याचे वेगळे, पोटाचे वेगळे, आणि ॲलर्जीचे तर नसतातच. सगळी यादी एकत्र कुणीच बघत नाही. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या जातीच्या गोळ्यांनी ॲलर्जीचा झटका तीव्र होऊ शकतो आणि ॲड्रेनॅलिनचा परिणाम कमी पडतो. एनालाप्रिल, रामिप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काही जणांचे ओठ, जीभ, चेहरा सुजतो, तोही कधी गोळी सुरू झाल्यानंतर कित्येक वर्षांनी. त्या सुजेला खाज नसते आणि ॲलर्जीची औषधं तिला लागू पडत नाहीत. आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षं चालू ठेवलेल्या गोळ्यांचाही विचार करावा. ऑस्ट्रियात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा गोळ्या घेणाऱ्यांना पुढे ॲलर्जीची औषधं अधिक लागल्याचं दिसलं. एकामुळेच दुसरं होतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण गरज नसताना चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारून थांबवायला तेवढं कारण पुरे. स्वतःच्या मनाने मात्र कोणतीही गोळी बंद करू नका, रक्तदाबाची तर नाहीच. माझी मेटोप्रोलॉल हृदयाच्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बदलली. एकदम सोडणं हृदयाला धोक्याचं असतं.

खाजेच्या जुन्या गोळ्या आणि इंजेक्शनंही जपून. एव्हिल आणि तिच्या पिढीतल्या औषधांनी म्हाताऱ्या माणसाला झापड येते, तोल जातो, प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी अडते. शिवाय या गोळ्या खाज थांबवतात, पडलेला रक्तदाब वर आणत नाहीत. ते काम ॲड्रेनॅलिनचं. हृदयविकार आहे म्हणून खऱ्या झटक्यात ते टाळायचं नसतं. ग्रीसचे डॉक्टर कौनिस यांनी १९९१ साली दाखवलं की ॲलर्जीच्या झटक्यातच हृदयाच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून छातीत दुखू शकतं. म्हणून छातीत दुखतंय म्हणून रुग्णालयात गेलात, तरी त्याआधी काय खाल्लं आणि कोणतं औषध घेतलं, हे न विचारता सांगा.

अन्न किंवा औषध पोटात गेल्यावर थोड्या वेळात आवाज बदलला, श्वास अडला, वारंवार उलटी झाली किंवा घेरी आली, तर अंगावर काही उठण्याची वाट पाहू नका. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. धाप लागली असेल तर टेकून बसवा, शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवा. उभं करून चालवू नका. स्टेशनवर असाल तर स्टेशन मास्तरांकडे स्ट्रेचर असतं, ते मागा. १०८ला फोन करा. तोंडाने पाणी, लिंबू, साखर काही देऊ नका. बरं वाटलं तरी काही तास देखरेखीखाली राहायचं, कारण झटका औषध उतरल्यावर परत येऊ शकतो. परदेशात ॲड्रेनॅलिनची पेनसारखी सुई रुग्ण खिशात ठेवतात. आपल्याकडे ती सहज मिळत नाही, पण साधी कुपी स्वस्त आहे. माझ्या डॉक्टरांनी मात्रा लिहून दिली आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ती कशी टोचायची, हे सुनेला आणि मुलाला शिकवलं. दोघांनी संत्र्यावर सराव केला.

चाचण्यांबद्दल थोडंच. रक्तातल्या किंवा त्वचेवरच्या चाचणीचा अर्थ तुमच्या अनुभवाशी जोडूनच लावता येतो. बंगळूर-म्हैसूरकडच्या प्रौढांच्या पाहणीत चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध प्रतिद्रव्यं सापडली, खरी ॲलर्जी मात्र एक टक्क्याच्या आसपास लोकांनाच होती. दीडदोनशे पदार्थांच्या ‘आयजीजी’ चाचण्या विकणाऱ्यांपासून तर दूरच राहा. युरोपातल्या ॲलर्जी अकादमीने २००८ सालीच त्या निरुपयोगी ठरवल्या. त्यांच्यावर विसंबून गहू, दूध, डाळी सगळं सोडलेले आणि अशक्त झालेले दोन ज्येष्ठ माझ्या ओळखीत आहेत. हे पाहून मला फार वाईट वाटतं.

केस काळे करणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. डायमधल्या आणि ‘काळ्या मेंदी’तल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी अनेक वर्षं डाय लावल्यावरही होते. दोन दिवसांनी पापण्या सुजतात आणि माणूस कालचं जेवण आठवत बसतो. प्रत्येक वेळी आधी कानामागे ठिपका लावून ४८ तास थांबा.

नातेवाइकांना विनंती. आमच्याकडे वांग्यात, बटाट्यात, कोबीच्या भानोळ्यात कोळंबी किंवा सोडे असतातच, आणि सुरमई त्याच रव्यात, त्याच तेलात तळली जाते. कुणी “मला चालत नाही” म्हणालं तर “एक घास खा, काही होत नाही” असा आग्रह करू नका. काही होतं.

आणि तुम्ही माझ्या वयाचे असाल तर एवढं कराच. तुम्ही घेता त्या सगळ्या गोळ्या, डोळ्यांत घालायच्या थेंबांसकट आणि आयुर्वेदिक काढ्यांसकट, एका कागदावर लिहा. त्याखाली कोणत्या अन्नाने किंवा औषधाने काय झालं होतं, ते लिहा. एक प्रत पाकिटात ठेवा, एक घरच्यांना द्या, आणि पुढच्या वेळी ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांच्यासमोर तो कागद ठेवून विचारा, “यातल्या कशाने माझी ॲलर्जी वाढेल?”