एका गाईमागे एक बिघा : गिनी गवताची लागवड व व्यवस्थापन

सियालदह स्थानकावर उत्तरेकडून येणाऱ्या लोकलगाड्यांना मालविक्रेत्यांसाठी स्वतंत्र डबे असतात. नदिया आणि उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यांतला भाजीपाला, मासळी आणि छेना त्या डब्यांतून महानगरात उतरतो. कोलकात्याच्या संदेश-रसगुल्ल्यांची कीर्ती सर्वदूर आहे; परंतु त्यामागे उभी असलेली गाय बहुधा भाताच्या पेंढ्यावर जगते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पेंढ्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के. त्यावर गाईचे पोट भरते, कास भरत नाही. उरलेली भर विकतच्या पेंडीने आणि खुराकाने घालावी लागते.

दूध उत्पादनाच्या एकूण खर्चात चारा व खुराक यांचा वाटा साधारणतः ६० ते ७० टक्के असतो. असे असूनही दुभत्या जनावरांसाठी येणाऱ्या कर्ज प्रस्तावांत गाईची किंमत, गोठा, विमा या बाबी तपशिलाने मांडलेल्या असतात आणि चाऱ्याच्या रकान्यात ‘स्थानिक बाजारातून’ एवढेच लिहिलेले आढळते. माझ्या मते कर्जाचा हप्ता वेळेवर येणार की नाही, हे बऱ्याच अंशी या दोन शब्दांवरच ठरते. म्हणूनच बँकेच्या दृष्टीनेही अभ्यासण्याजोगे एक पीक म्हणजे गिनी गवत होय.

गिनी गवत मूळचे आफ्रिकेतील. अठराव्या शतकात ते वेस्ट इंडीज बेटांवर पोहोचले. गिनीच्या किनाऱ्यावरून आणलेल्या पक्ष्यांसाठी दाणे म्हणून बी आले, पक्षी मेले, फेकलेले बी उगवले आणि गुरे त्यावर तुटून पडली, अशी जमैकाची कथा सांगतात. भारतात हे गवत १७९३ मध्ये आल्याचे शेतीशास्त्राच्या ग्रंथांत नमूद आहे. त्याचे शास्त्रीय नाव दीर्घकाळ ‘पॅनिकम मॅक्झिमम’ असे होते. आता ते ‘मेगाथिर्सस मॅक्झिमस’ म्हणून ओळखले जाते.

संकरित नेपिअर महाराष्ट्रातील पशुपालकांना अधिक परिचित आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘यशवंत’ आणि ‘जयवंत’ हे वाण गावोगावी पोहोचले आहेत. केवळ वजनाचा हिशेब केला तर भरपूर पाणी आणि उघडे ऊन असलेल्या जमिनीत नेपिअरच सरस ठरेल. गिनी गवताचे गुण निराळे आहेत. त्याचा दांडा बारीक व पाला भरपूर, त्यामुळे गव्हाणीत उष्टे कमी राहते. शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवणारे ऑक्झलेट त्यात नेपिअरच्या तुलनेने कमी असते. उसाच्या वाढ्यांवर जनावरे पोसणाऱ्या आपल्या पश्चिम महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना या मुद्द्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. शिवाय हे गवत अर्धवट सावलीतही तग धरते. कोकणातील नारळाच्या बागेत काय किंवा बंगालमधील तळ्याकाठच्या आमराईत काय, अन्यथा पडून राहणारी जागा त्याने कामी लागते. मात्र मुळाशी पाणी साचलेले त्याला सोसत नाही. बंगालच्या भातखाचरात ते लावणे म्हणजे ते बुडवणे. निवड उंचवट्याच्या, निचऱ्याच्या जमिनीचीच करावी.

लागवड बियांपेक्षा ठोंबांनी करणे श्रेयस्कर. या गवताचे बी फलनाशिवायच धरते, त्यामुळे वाणाची शुद्धता टिकते हे खरे. पण ते एकसारखे पिकत नाही, पिकताच झडते आणि ताजे बी काही महिने उगवतही नाही. याउलट एक जोमदार बेट फोडले की वीसहून अधिक ठोंबे मिळतात. पावसाळ्याच्या तोंडावर जमिनीत शेणखत मिसळून ५० × ५० सेंटिमीटर अंतरावर प्रत्येक जागी दोन ठोंबे लावावीत. ‘हामिल’, ‘माकुनी’ तसेच झाशीच्या भारतीय गवत व चारा संशोधन संस्थेचे ‘बुंदेल गिनी’ हे वाण प्रचलित आहेत. सियालदहहून लोकलने जाता येण्याजोग्या कल्याणी येथे (हे आपले कल्याण नव्हे!) केंद्र सरकारचे प्रादेशिक चारा केंद्र आहे, आणि तेथून जवळच मोहनपूर येथे बिधानचंद्र कृषी विश्वविद्यालय आहे. ठोंबांची चौकशी प्रथम अशा ठिकाणी करावी.

आता मुख्य भाग, म्हणजे कापणीचे वेळापत्रक. बंगालचा एक बिघा म्हणजे एकराचा तिसरा हिस्सा, आपले सुमारे १३ गुंठे. त्याचे २० काठे होतात. प्रत्येक काठ्याचे दोन भाग केले की ४० वाफे मिळतात. पहिली कापणी लागवडीनंतर ७०-७५ दिवसांनी. त्यानंतर रोज एक वाफा कापत गेले की ४१ व्या दिवशी आपण पुन्हा पहिल्या वाफ्यावर येतो. दर हेक्टरी वर्षाकाठी १०० टन हिरवा चारा आणि आठ कापण्या धरल्या, तर एका वाफ्यातून सुमारे ४० किलो चारा मिळतो. एका दुभत्या गाईला दिवसाकाठी २५ ते ३० किलो लागतो. उरलेल्यात एक कालवड सांभाळली जाते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यात आवर्ती ठेवीच्या मुदतपूर्तीची साखळीच दिसावी!

हे वेळापत्रक मोडले की पीकही बिघडते. चाळिशीच्या आत-बाहेर कापलेल्या पाल्यात ८ ते १० टक्के प्रथिने असतात; फुलोऱ्यावर येऊन दांडा निबर झाला की ती निम्म्यावर येतात. कापणी जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर उंचीवर करावी. अगदी बुडख्याशी विळा लावल्यास फुटवे मंदावतात. कापणीनंतर वाफ्याला २०० ते ३०० ग्रॅम युरिया व पाणी द्यावे. अवर्षणाच्या काळात भरपूर युरिया दिलेले गवत लगेच कापू नये. त्यात साठलेल्या नायट्रेटने विषबाधा होऊ शकते. नुसत्या हिरव्या चाऱ्याने जनावर पातळ शेण टाकते, म्हणून पेंढ्याची कुट्टी त्यात मिसळावी. पेंढ्याचे स्थान इथे आहे. दोन ओळींमध्ये चवळीसारखे द्विदल पीक घेतल्यास प्रथिनांची जोड मिळते.

बेवारस सोडलेले गिनी गवत माजते, हेही नोंदवले पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाईतील लाहायना शहर आगीत भस्मसात झाले. पडीक मळ्यांत वाळून उभ्या असलेल्या अशाच परदेशी गवतांनी ती आग पसरण्यास हातभार लावला होता.

किसान क्रेडिट कार्डाची सुविधा २०१८-१९ पासून पशुपालनालाही लागू झाली आहे. जनावरांच्या संगोपनाच्या खेळत्या भांडवलात चाऱ्याचा खर्च धरता येतो. अर्जदाराने प्रस्तावासोबत चाऱ्याच्या जागेचा नकाशा, पाण्याची सोय आणि वाफ्यांची संख्या द्यावी, आणि अधिकाऱ्यानेही पाहणीच्या वेळी गोठ्याइतकाच वेळ त्या वाफ्यांत घालवावा. डिसेंबर-जानेवारीत थंडीमुळे गवताची वाढ खुंटते. त्या दोन महिन्यांसाठी बरसीम किंवा ओट यांची तरतूद केली आहे का, हा प्रश्न त्याच भेटीत विचारावा, कारण त्यांची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच उरकावी लागते.